अडतीस शब्दांची बोली

मराठीत 'बोली' या शब्दाचे दोन अर्थ सर्वपरिचित आहेत. माणदेशी बोली, मालवणी बोली असे आपण म्हणतो तेव्हा बोली म्हणजे माणसांच्या तोंडची भाषा. सांगलीच्या बाजारात हळदीच्या सौद्यात बोली लागते तेव्हा बोली म्हणजे उघडपणे बोलून दाखविलेली किंमत. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात हे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात. खेळाडू तेथे आपल्या हाताची किंमत लावतो, आणि ती लावता लावताच समोरच्या भिडूशी बोलत असतो. म्हणून हा खेळ भाषेच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावा असा आहे.

प्रस्तुत लेखाला निमित्त झाले ते एका तक्रारीचे. गेली काही वर्षे मी साताऱ्यात काही विद्यार्थ्यांना ब्रिजचे प्राथमिक धडे देतो, आणि सांगलीच्या काही जुन्या खेळाडूंबरोबर स्वतः खेळतो. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा सातारा आणि सांगली यांमधले सुमारे सव्वाशे किलोमीटरचे अंतर एकाएकी फार मोठे झाले. आम्ही सर्वजण संगणकावर आणि मोबाईलवर खेळू लागलो. चौथा गडी मिळाला नाही, की त्या जागी यंत्राला बसवावयाचे. कित्येकदा तर एक माणूस आणि तीन यंत्रे असाही डाव मांडला जाई. तेव्हापासून एक वाक्य वारंवार कानी येते : "यंत्राला माझी बोली समजत नाही." हे वाक्य कितपत खरे आहे, आणि 'समजणे' म्हणजे नेमके काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

खेळाची मांडणी

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बावन्न पाने चौघांत वाटली जातात, प्रत्येकाला तेरा. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. प्रत्येक फेरीत चौघे एकेक पान टाकतात आणि एकजण ती चार पाने जिंकतो. त्याला दस्त म्हणावे. असे एकूण तेरा दस्त होतात. खेळ सुरू होण्यापूर्वी लिलाव होतो. 'एक बदाम' म्हणजे बदाम हुकूम धरून आम्ही सहा अधिक एक, असे सात दस्त करू. 'चार इस्पिक' म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा दस्त. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकमी, असा चढता क्रम आहे. पुढची बोली आधीच्या बोलीपेक्षा वरचीच हवी.

सात पायऱ्या आणि पाच प्रकार मिळून पस्तीस बोल्या झाल्या. त्यांत पास, डबल आणि रिडबल हे तीन शब्द मिळवा. एकूण अडतीस. या अडतीस शब्दांपलीकडे एक अक्षरही बोलावयाचे नाही, असा नियम आहे. उलटपक्षी एका खेळाडूच्या हाती येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे निरनिराळे संच सुमारे ६३ हजार ५०० कोटी आहेत. इतक्या प्रचंड आशयाला इतका तोकडा शब्दकोश! शिवाय बोली चढतीच असल्याने एकदा ओलांडलेली बोली त्या डावात पुन्हा वापरता येत नाही. साहजिकच एकेका शब्दावर अनेक अर्थांचे ओझे पडते, आणि जेथे अर्थांची दाटी तेथे गैरसमज हा ठरलेलाच.

संकेत

आपल्या शास्त्रकारांनी शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाची चर्चा करताना 'संकेत' हा शब्द वापरला आहे. अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा, असे ठरलेले असते म्हणून तो समजतो. ब्रिजमध्ये नेमके हेच घडते. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली आजच्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती बसविली. त्यानंतर थोड्याच वर्षांत खेळाडूंच्या ध्यानात आले, की बोलीचा सरळ अर्थ प्रत्येक वेळी उपयोगाचा नसतो. मग नवे संकेत निघाले. ईझ्ली ब्लॅकवुड यांनी १९३३ साली 'चार नो ट्रम्प' या बोलीला 'तुझ्याकडे एक्के किती?' असा अर्थ दिला. १९४५ साली सॅम स्टेमन यांच्या लेखाने प्रसिद्ध झालेल्या संकेतात, भिडूने 'एक नो ट्रम्प' म्हटल्यावर 'दोन किलवर' म्हणणारा किलवरविषयी काहीच बोलत नसतो. 'बदाम किंवा इस्पिक यांची चार पाने तुझ्याकडे आहेत काय?' असा त्याचा प्रश्न असतो.

येथे अभिधा आणि लक्षणा यांचे स्मरण होते. 'त्याचे घर कृष्णेवर आहे' असे म्हटले, की घर प्रवाहात नसून काठावर आहे हे आपण न सांगता ओळखतो. मुख्य अर्थ जुळत नाही म्हणून मन दुसरा अर्थ घेते. ब्रिजमधला 'दोन किलवर'ही असाच मुख्य अर्थ टाकून दुसरा धारण करतो. फरक एवढाच, की येथे दुसरा अर्थ ऐकणाऱ्याने स्वतः शोधावयाचा नसतो. तो दोघांनी आधीच ठरविलेला असावा लागतो.

यंत्र बोली कशी वाचते

सांगली हे बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांच्यामुळे त्या खेळाची तेथे परंपरा निर्माण झाली. बुद्धिबळात १९९७ साली 'डीप ब्ल्यू' या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरविले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण बुद्धिबळाच्या पटावर सर्व काही उघडे असते, आणि कोणाशी बोलावयाचे नसते. ब्रिजमध्ये दोन्ही अडचणी आहेत. पाने झाकलेली असतात, आणि भिडूशी संवाद साधावा लागतो. मार्च २०२२ मध्ये पॅरिस येथे 'नूक' नावाच्या संगणकप्रणालीने आठ विश्वविजेत्या खेळाडूंपेक्षा सरस खेळ केला. पण त्या सामन्यात केवळ पाने खेळावयाची होती. बोलीचा भाग वगळला होता. संवाद हा यंत्राला अजून किती अवघड वाटतो, हे त्यावरून कळावे.

आम्ही ज्या 'ब्रिज बेस ऑनलाइन' या संकेतस्थळावर खेळतो, ते फ्रेड गिटेलमन यांनी २००१ साली सुरू केले. तेथे भिडू म्हणून बसणारे यंत्र 'जिब' या नावाने ओळखले जाते. मॅथ्यू जिन्सबर्ग यांनी ते तयार केले, आणि १९९८ साली संगणकांच्या जागतिक ब्रिज स्पर्धेत ते अजिंक्य ठरले. 'पेटीतला गोरेन' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन ते नाव बनले आहे. चार्ल्स गोरेन हे ब्रिजवरील गाजलेले ग्रंथकार होत.

या यंत्राची रीत थोडक्यात अशी. प्रत्येक बोलीचा अर्थ त्याच्या कोशात लिहिलेला असतो : गुण किती ते किती, कोणत्या रंगाची किमान किती पाने, इत्यादी. आपण बोली केली, की यंत्र तो अर्थ प्रमाण मानते. मग त्या वर्णनात बसतील असे आपले अनेक हात ते कल्पनेने वाटून पाहते, चारही हात उघडे असल्याप्रमाणे त्या प्रत्येक वाटपात काय घडेल याचा हिशेब करते, आणि सरासरीने जे हिताचे ठरेल ते बोलते. म्हणजे यंत्र आपल्या मनात शिरण्याचा यत्न करीत नाही. आपण जे 'म्हटले' ते हात ते वाटते. आपल्याला जे 'म्हणावयाचे होते' ते नव्हे.

तीन उदाहरणे

पहिले उदाहरण. भिडूने 'एक नो ट्रम्प' म्हणून सुरुवात केली, म्हणजे पंधरा ते सतरा गुण सांगितले. (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १ गुण.) आपल्या हातात इस्पिकची सत्ती-चौकी, बदामाची अठ्ठी-पंजी, चौकटची राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी, छक्की, चौकी, आणि किलवरची सत्ती, पंजी, तिर्री. जुन्या पद्धतीत वाढलेला खेळाडू येथे सहज 'दोन चौकट' म्हणतो. त्याचा आशय असा : 'माझा हात दुबळा आहे, चौकट लांब आहे, येथेच थांबू.' पण यंत्राच्या कोशात या जागी 'दोन चौकट' म्हणजे 'माझ्याकडे किमान पाच बदाम आहेत. तू बदाम बोल'. ऑस्वल्ड जेकोबी यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला हा संकेत आहे. यंत्र आज्ञाधारकपणे 'दोन बदाम' म्हणते, आणि हातात बदामाची दोनच बारीक पाने असताना बदाम हुकमाचा करार गळ्यात पडतो. यात यंत्र चुकले काय? आपल्या कोशाप्रमाणे त्याने अचूक उत्तर दिले.

दुसरे उदाहरण. इस्पिकचा राजा-अठ्ठी, बदामाचा एक्का, दश्शी, पंजी, चौकटचा एक्का, राणी, गुलाम, दश्शी, छक्की, आणि किलवरची नव्वी, सत्ती, चौकी. गुण चौदाच, पण चौकट इतकी भरदार की पुष्कळ अनुभवी खेळाडू हा हात पंधराचा समजून 'एक नो ट्रम्प' म्हणतात. समोरच्या यंत्राकडे नऊ गुण आहेत. ते पंधरा, सोळा, सतरा गुणांचे हात वाटून पाहते. मधला आकडा सोळा धरला तरी बेरीज पंचवीस होते, आणि नऊ दस्तांच्या 'तीन नो ट्रम्प'ला ढोबळ मानाने पंचवीसच लागतात. म्हणून यंत्र थेट तेथे उडी घेते. त्याने कल्पिलेल्या हातांत आपला खरा हात सहसा नसतोच. कधी भरदार चौकटच्या बळावर करार पार पडेल, कधी फसेल. फसला तर दोष ऐकणाऱ्याला देता येणार नाही, कारण आपण अतिशयोक्ती केली आणि समोरच्याने ती वस्तुस्थिती म्हणून घेतली.

तिसरे उदाहरण 'डबल' या शब्दाचे. मूळ अर्थ दंड दुप्पट करणे. पण प्रतिपक्षाने 'एक बदाम' म्हटल्यावर लगेच केलेली डबल ही बहुधा 'उरलेल्या तीन रंगांतला तुझा रंग सांग' अशी विनंती असते. लिलाव जसजसा वर चढतो तसतशी ती विनंती कोठे संपते आणि दंड कोठे सुरू होतो, हे प्रत्येक जोडीचे वेगळे असते. यंत्रालाही ती सीमा कोठेतरी आखावी लागली आहे. ती आपल्या सीमेशी जुळेलच असे नाही.

सैंधव

संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'सैंधव आण' हे ठरीव उदाहरण ठाऊक असते. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे सिंधु देशाचा घोडा. धनी जेवावयास बसला असेल तर मीठ आणावे, प्रवासास निघाला असेल तर घोडा. बोलणाऱ्याचे तात्पर्य प्रसंगावरून ओळखावयाचे.

ब्रिजमधले सैंधव म्हणजे 'चार नो ट्रम्प'. एक इस्पिक, तीन इस्पिक अशी इस्पिकवर एकवाक्यता झाल्यावर कोणी 'चार नो ट्रम्प' म्हटले, तर तो एक्के विचारतो. पण 'एक नो ट्रम्प'वर थेट 'चार नो ट्रम्प' म्हटले, तर सर्वसाधारण प्रघात असा, की तो एक्के विचारीत नाही. तो म्हणतो : 'माझे सोळाच्या आसपास गुण आहेत, तुझा हात सतराचा असेल तर बारा दस्तांचा करार बोल, नाहीतर येथेच थांब.' दोघांचे मिळून तेहतीस गुण असले तर बारा दस्त संभवतात, असा त्यामागचा हिशेब.

यंत्राला प्रसंग अजिबात कळत नाही असे नव्हे. आधी कोणत्या बोल्या झाल्या एवढा प्रसंग ते पाहते, आणि काटेकोरपणे पाहते. पण समोर कोण बसले आहे, तो कोणत्या पद्धतीत शिकला, काल त्याने हीच बोली कशासाठी केली होती, हा प्रसंग त्याच्या हिशेबात नाही. कालचा डाव आज त्याच्या स्मरणात नसतो. वीस वर्षे एकत्र खेळलेल्या भिडूला 'हा गृहस्थ चौदाचे पंधरा करतो' हे माहीत असते. यंत्राला आपण दर वेळी नव्याने भेटतो.

रुमालाखालची बोटे

मग माणसाचे हे तात्पर्यज्ञान श्रेष्ठ आणि यंत्राचे कोशज्ञान कनिष्ठ, असे म्हणून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही. कारण ब्रिजच्या नियमांनी या प्रश्नाला एक वेगळेच वळण दिले आहे.

शेतमालाच्या बाजारांत पूर्वी हत्ता पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारीच उभा असे. पण त्याला काय ठरले ते दिसत नसे. उघड लिलावाचा आग्रह धरला गेला तो यासाठीच. ब्रिजचा लिलावही उघड असावा लागतो. नियम ४० सांगतो, की भिडूंमधला कोणताही संकेत, तो बोलून ठरविलेला असो वा सवयीने रुजलेला असो, प्रतिपक्षाला कळण्याची सोय असली पाहिजे. 'हा गृहस्थ चौदाचे पंधरा करतो' हे जर भिडूला ठाऊक असेल, तर ते प्रतिपक्षालाही ठाऊक झाले पाहिजे. तसेच बोलण्यातला आवाज, विलंब, चेहरा यांवरून भिडूने काही अर्थ काढून त्याचा लाभ घेणे नियम १६ प्रमाणे निषिद्ध आहे. साहित्यात जिला आपण व्यंजना म्हणून मान देतो, तिच्यातली अर्धीअधिक येथे त्याज्य ठरते.

या बाबतीत माणसांचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही. १९६५ साली ब्युनोस आयरेस येथील विश्वअजिंक्यपद स्पर्धेत ब्रिटनच्या नामवंत जोडीवर पाने धरलेल्या बोटांनी खुणा केल्याचा आरोप झाला. जागतिक संघटनेने त्यांना दोषी मानले, ब्रिटनमधील चौकशीने दोषमुक्त ठरविले, आणि तो वाद कित्येक वर्षे धुमसत राहिला. १९७५ च्या विश्वअजिंक्यपद स्पर्धेत भिडूंच्या मध्ये पडदे उभारले, तर त्याच स्पर्धेत टेबलाखालून पायांनी खुणा केल्याचे प्रकरण उद्भवले. या पार्श्वभूमीवर यंत्राकडे पाहावे. त्याची बोली कोणती आणि तिचा अर्थ काय, हे पडद्यावर चौघांनाही वाचता येते. त्याच्यापाशी रुमालच नाही. यंत्राची जी उणीव म्हणून आपण तक्रार करतो, तीच त्याची सचोटी आहे.

पाच किलवरचे भांडण

आता माणसांमधल्या गैरसमजाचे एक उदाहरण. मी तो डाव केवळ पाहत होतो. खेळणाऱ्यांपैकी एक साताऱ्यात जुन्या पद्धतीने शिकलेला, दुसरा सांगलीचा, नव्या पद्धतीचा. इस्पिक हुकूम ठरला, साताऱ्याच्या गड्याने 'चार नो ट्रम्प' विचारले, सांगलीकराने 'पाच किलवर' असे उत्तर दिले. मूळ ब्लॅकवुड संकेतात याचा अर्थ 'एक्का एकही नाही, किंवा चारही आहेत'. नव्या सुधारित संकेतात हुकमाचा राजाही एक्क्यात धरतात, आणि एका प्रचलित प्रकारात याच उत्तराचा अर्थ होतो 'एक किंवा चार'. दुसऱ्या प्रकारात 'शून्य किंवा तीन'. एकाने एक सांगितला, दुसऱ्याने शून्य ऐकला. पाच इस्पिकवर थांबले आणि बारा दस्त सहज झाले. मोठ्या बक्षिसाचा करार हुकला. मग "एवढे साधे कळत नाही?" येथपासून सुरुवात होऊन दोघे पंधरा दिवस एकमेकांशी खेळले नाहीत.

दोघेही आपापल्या बोलीत बरोबर होते. शब्द एक, गावे दोन, अर्थ दोन. यंत्राशी हा प्रसंग उद्भवला असता तर खिडकीत अर्थ वाचता आला असता, एवढाच फरक.

त्या भांडणानंतर आमच्यातले एक ज्येष्ठ खेळाडू म्हणाले, "यापुढे मी यंत्राशीच खेळेन. ते रागावत नाही." ते अजूनही बहुतेक संध्याकाळी तसेच खेळतात. त्यांचे म्हणणे मला समजते; पण ते मला पटत नाही. यंत्र रागावत नाही हे खरे. परंतु त्याला आपले म्हणणे पटविताही येत नाही. 'उद्यापासून या बोलीचा अर्थ असा धरू' असे आपण त्याला सांगू शकत नाही. त्याचा कोश एकतर्फी आहे. उलट ते दोन भांडखोर पंधरा दिवसांनी पुन्हा भेटले, आणि पहिले काम त्यांनी केले ते असे : एक कागद घेऊन त्यावर आपले संकेत लिहून काढले. चार नो ट्रम्पची उत्तरे सर्वांत वर. त्या कागदाचे छायाचित्र आज दोघांच्याही मोबाईलमध्ये आहे, आणि प्रतिपक्षाने मागितले तर ते दाखवितात.

शिकणाऱ्यांस काही सूचना

विद्यार्थ्यांना मी चार गोष्टी सांगतो. पहिली : यंत्राबरोबर खेळताना बोली करण्यापूर्वी तिच्यावर बोट ठेवून पडद्यावरचे वर्णन वाचावे. आपल्या मनातला अर्थ नव्हे, तर तेथे लिहिलेला अर्थ बोलला जाणार आहे. दुसरी : ज्या बोलीचे वर्णन अपेक्षेपेक्षा वेगळे किंवा मोघम असेल ती टाळून, थोडी कमी नेमकी पण सरळ अर्थाची बोली निवडावी. परमुलखात गेल्यावर आपण म्हणी वापरीत नाही, सोपी वाक्ये बोलतो, तद्वत. तिसरी : यंत्राशी खेळून लागलेल्या सवयी माणसाच्या टेबलावर तशाच नेऊ नयेत, तेथे कोश दोघांचा असतो आणि तो आधी बसून करावा लागतो. चौथी : गैरसमज झाल्यावर 'कोण चुकले' हे विचारण्याआधी 'हे आपण ठरविले होते काय' हे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असे येते, आणि मग रागाला जागा उरत नाही.

समारोप

'यंत्राला माझी बोली समजत नाही' या वाक्याचा विचार करताना असे दिसते, की आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. बोलीचा ठरलेला अर्थ यंत्राला समजतो, आपल्यापेक्षा अधिक काटेकोर समजतो. त्याला समजत नाही तो बोलणारा. माणसाला बोलणारा समजतो. पण त्या भरवशावर तो अर्थ ठरविण्याचे कष्ट घेत नाही, आणि 'न सांगता कळावे' अशी अपेक्षा धरून बसतो. समज ही ऐन वेळी सुचणारी वस्तू नव्हे. ती आधी मिळून केलेल्या कामाचे फळ आहे, हे या अडतीस शब्दांच्या बोलीने मला शिकविले.

आज आपले विद्यार्थी पत्त्यांच्या टेबलाबाहेरही यंत्रांशी बोलू लागले आहेत. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी या संवादाकडे केवळ कौतुकाने किंवा केवळ धास्तीने पाहू नये. शब्दाचा अर्थ कोणी ठरविला, आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रत्येक वेळी विचारावे. त्यासाठी ब्रिज ही एक चांगली प्रयोगशाळा आहे. ज्यांना शिकण्याची इच्छा असेल त्यांनी चौघांनी मिळून यावे. बरोबर पत्त्यांची एक गड्डी आणावी, आणि संकेत लिहिण्यासाठी एक कोरा कागद.